कुर्ट आइसनर : बव्हेरियाला ‘फ्रायस्टाट’ करणारा माणूस

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं अधिकृत नाव आजही ‘फ्रायस्टाट बायर्न’ असंच आहे. फ्रायस्टाट म्हणजे राजा नसलेलं राज्य, प्रजासत्ताक. तिथले परंपरावादी नेतेही हा शब्द अभिमानाने मिरवतात. पण १९१८ च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री तो जाहीर करणारा माणूस बव्हेरियाचा नव्हता. तो बर्लिनचा होता, ज्यू होता आणि समाजवादी होता. या तिन्ही गोष्टी त्या काळच्या म्युनिकला, बव्हेरियाच्या राजधानीला, परक्याच.

कुर्ट आइसनर यांचा जन्म १४ मे १८६७ चा. वडिलांचं बर्लिनमध्ये लष्करी गणवेश आणि पदकांच्या साहित्याचं दुकान होतं. मुलगा मात्र तत्त्वज्ञान शिकला आणि पत्रकारितेत शिरला. मारबुर्गला असताना हेर्मान कोहेन या तत्त्वज्ञाच्या सहवासात कांटचे विचार त्यांच्या मनात पक्के रुजले. समाजवाद ही अर्थशास्त्राइतकीच नीतीचीही गोष्ट आहे, ही त्यांची धारणा तिथून आली. १८९७ मध्ये सम्राटाचा अवमान केल्याच्या आरोपावरून त्यांना नऊ महिने तुरुंगवास झाला. सुटल्यावर ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले, पक्षाचं मुखपत्र ‘फोरवेर्ट्स’ सांभाळू लागले आणि १९०५ मध्ये अंतर्गत वादात पाच सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९१० पासून मुक्काम म्युनिकला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये तेही चुकले. रशियाने हल्ला केलाय, तेव्हा हे युद्ध बचावाचं आहे, असं त्यांनी मानलं आणि युद्धासाठी सरकारला कर्ज मंजूर करण्याच्या पक्षाच्या भूमिकेमागे उभे राहिले. मग कागद चाळायला लागले. काही महिन्यांतच त्यांची खात्री पटली की सरकारने जनतेला फसवलंय. माझ्या मते आइसनर समजून घ्यायचे तर हा क्षण धरून ठेवावा लागतो. स्वतःच फसलेला माणूस होता तो. पुढची सगळी धडपड त्या फसवणुकीचा छडा लावण्याची होती. राजकीय लेखन सुटलं, हातात नाट्यसमीक्षा उरली. १९१६ च्या डिसेंबरपासून ‘गोल्डनर आंकर’ या खानावळीत ते चर्चेच्या बैठका भरवू लागले. तिथे येणाऱ्या तरुणांमध्ये फेलिक्स फेशेनबाख होता. तो पुढे त्यांचा सचिव झाला. १९१७ मध्ये युद्धविरोधकांनी वेगळा पक्ष काढला, ‘स्वतंत्र सोशल डेमोक्रॅट’. आइसनर त्याचे म्युनिकमधले पुढारी. जानेवारी १९१८ मध्ये दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या संपात ते पुढे होते, म्हणून अटक झाली. साडेआठ महिन्यांनी, ऑक्टोबरात, एका पोटनिवडणुकीच्या निमित्ताने सुटका झाली.

सुटकेला एक महिनाही झाला नव्हता. ७ नोव्हेंबरला टेरेझियनविझ मैदानावर, जिथे ऑक्टोबरफेस्ट भरतो तिथे, हजारोंची शांतता-सभा झाली. मूळ, मोठ्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे एर्हार्ड आउअर आपल्या लोकांना घेऊन शिस्तीत मोर्चाने शहरातून गेले. आइसनर, फेशेनबाख आणि लुडविग गांडोर्फर हे अंध शेतकरी नेते दुसऱ्या दिशेला वळले, थेट लष्करी बराकींकडे. युद्धाला कंटाळलेले सैनिक एकेक बराक सोडून त्यांना मिळत गेले. संध्याकाळी माथेझर या बिअरच्या मोठ्या सभागृहात कामगार-सैनिक परिषद निवडली गेली आणि रात्री विधिमंडळात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राजा तिसरा लुडविग कुटुंबासह मोटारीने शहराबाहेर पडला. ७३८ वर्षांची व्हिटेल्सबाख घराण्याची सत्ता एका रात्रीत आणि जवळजवळ रक्त न सांडता संपली. बर्लिनमध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, जायला अजून दोन दिवस होते.

आइसनर बव्हेरियाचे पंतप्रधान झाले आणि आउअर यांनाच त्यांनी गृहमंत्री केलं. आठ तासांचा कामाचा दिवस, स्त्रियांना मताधिकार, शाळांवरची धर्मगुरूंची देखरेख बंद, हे सगळं काही आठवड्यांत ठरलं. पण अन्न आणि कोळसा अपुरा होता, आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना काम नव्हतं. कामगार-सैनिकांच्या परिषदा आणि विधिमंडळ दोन्ही शेजारी शेजारी चालतील अशी त्यांची आशा होती. ते कसं, हे ना डाव्यांना पटलं ना उजव्यांना.

२३ नोव्हेंबरला त्यांनी बर्लिनमधल्या बव्हेरियन वकिलातीच्या अहवालांतले उतारे प्रसिद्ध केले. त्यात जुलै १९१४ मधला एक अहवाल होता. ऑस्ट्रियाने सर्बियावर कडक अटी लादल्या तर युद्ध भडकेल, हे जाणूनही बर्लिनने ऑस्ट्रियाला मोकळीक दिली होती, असं त्यातून दिसत होतं. आपणच खरं बोललो तर विजेते तह सौम्य करतील, हा त्यांचा हिशोब होता. उतारे काटछाट केलेले होते. विरोधकांनी त्यालाच बनावट म्हटलं. कापायला नको होते, असं मलाही वाटतं. पण फेब्रुवारी १९१९ मध्ये बर्नच्या समाजवादी परिषदेत त्यांनी जर्मनीची जबाबदारी पुन्हा उघड सांगितली आणि मायदेशात ‘देशद्रोही’ हा शिक्का कायमचा बसला. त्याला ज्यूद्वेषाची जोड होतीच.

निवडणूक १२ जानेवारीलाच होऊन गेली होती. त्यांच्या पक्षाला जेमतेम अडीच टक्के मतं आणि १८० पैकी ३ जागा मिळाल्या. २१ फेब्रुवारीला नवं विधिमंडळ भरणार होतं. राजीनाम्याचं भाषण घेऊन आइसनर तिकडे पायी निघाले असताना अंटोन आर्को-फाल्ली या २२ वर्षांच्या सरदारपुत्राने मागून गोळ्या झाडल्या. ते जागीच गेले. तासाभराने एका संतप्त कामगाराने भर सभागृहात आउअर यांच्यावर गोळी झाडली; ते वाचले, पण त्या गोळीबारात दोघे मारले गेले. सत्ता सोडायला निघालेल्या माणसाच्या खुनाने म्युनिकमधली उरलीसुरली मध्यभूमी नाहीशी केली. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली, मित्र गुस्टाव्ह लांडाउअर यांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं. एप्रिलमध्ये परिषद-प्रजासत्ताक, म्हणजे अशा परिषदांच्याच हाती सत्ता देणारं राज्य, आलं, मेच्या सुरुवातीला सैन्याने ते चिरडलं आणि २ मेला लांडाउअर यांनाही तुरुंगात मारून टाकलं.

आर्कोची फाशी जन्मठेपेत बदलली आणि १९२४ मध्ये तो बाहेरही आला. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ च्या ऑगस्टमध्ये कैदेत असलेल्या फेशेनबाखला वाटेत उतरवून गोळ्या घातल्या. त्याच वर्षी आइसनर यांचा अस्थिकलश म्युनिकच्या ओस्टफ्रीडहोफ या दफनभूमीतून काढून ज्यूंच्या दफनभूमीत नेण्यात आला. तो अजून तिथेच, लांडाउअर यांच्या शेजारी आहे. जिथे ते पडले त्या रस्त्याच्या फरसबंदीत, पडलेल्या शरीराची बाह्यरेषा कोरलेली एक पाटी आता बसवलेली आहे. लोक तिच्यावरून चालत जातात.