लेखक-निर्माता (विज्ञानकथा मालिका)

दूरचित्रवाणी मालिकेची कथा रचणारी आणि निर्मितीचा कारभारही सांभाळणारी व्यक्ती. अमेरिकेत तिला ‘शोरनर’ म्हणतात. पटकथा, नटांची निवड, नेपथ्याचा खर्च, संकलन या साऱ्यांवर तिची नजर असते. विज्ञानकथेत ही भूमिका विशेष मोलाची, कारण तिथले जगच मुळात नसते. त्याचे नियम एकाने धरून ठेवले नाहीत, तर दहा लेखक दहा जगे रचतात.

पूर्व विदर्भातील वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान हाती येऊ लागले, की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे मुख्य केंद्र. तिथेही लेखन, दिग्दर्शन, अभिनय आणि मंडळाचा हिशेब पुष्कळदा एकाच माणसाकडे असतो. जंगल, वाडा, पोलीस ठाणे, यांपैकी कोणते पडदे हाताशी आहेत हे त्याला प्रवेश लिहितानाच ठाऊक असते.

पैशाच्या अडचणीतून कल्पना कशी निघते, हे जीन रॉडनबेरी (१९२१–९१) यांच्या ‘स्टार ट्रेक’मध्ये स्वच्छ दिसते. युद्धात वैमानिक, पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी आणि मग मालिकालेखन, असा त्यांचा प्रवास. पहिला नमुना-भाग एनबीसी वाहिनीने नाकारला, पण दुसरा मागवला. ८ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अवकाशयान ग्रहावर उतरवणे खर्चाने झेपणारे नव्हते. म्हणून माणसेच यानातून अदृश्य होऊन ग्रहावर प्रकटू लागली. काळ्या पडद्यासमोर ॲल्युमिनियमची भुकटी सोडून तिच्यावर प्रकाश टाकायचा आणि तिचे मंदगतीने चित्रण करायचे. ती चकाकी नटाच्या आकृतीवर चढवली की काम झाले. १९६९मध्ये ७९ भागांनंतर मालिका बंद पडली, पण ही युक्ती साऱ्या विज्ञानकथेची होऊन बसली.

रॉड सर्लिंग (१९२४–७५) यांना अडवले ते प्रायोजकांनी. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५मधील हत्येवरून सुचलेले त्यांचे नाटक इतके बदलले गेले, की मूळ घटना ओळखू येईना. मग वंशद्वेष आणि युद्ध हे विषय त्यांनी ‘द ट्वायलाइट झोन’मध्ये (१९५९–६४) अद्भुत कथांच्या आडून मांडले. १५६ भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. विज्ञानकथेला करमणुकीपुरती समजणाऱ्यांनी हे भाग अवश्य पाहावेत.

जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन ५’ ही मालिका पाच वर्षांची एकच कादंबरी म्हणून आधी आखली. ११० भागांपैकी ९२चे लेखन त्यांचेच. प्रत्येक प्रमुख पात्रासाठी त्यांनी कथेत एक चोरवाट, म्हणजे गरज पडल्यास त्याला कथेबाहेर नेण्याची सोय, राखली होती. पहिल्या वर्षानंतर नायकाची भूमिका करणारा नट मालिका सोडून गेला, तेव्हा नवा सेनानी आणून कथा पुढे चालू राहिली.