नंबर प्लेट वाचता येते, पण ट्रॉली दिसते का?

बेळगावची भाजी मध्यरात्रीनंतर गोव्याला निघते. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत मार्केट गाठायचं. आमच्या मामांनी ही फेरी कित्येक वर्षं मारली. शेवटी शेवटी त्यांची एकच तक्रार असे : "हल्लीच्या गाड्यांचे लाइट फार वाईट. समोरच्यानं अप्पर मारला की काही दिसतच नाही." लाइट झगझगीत झालेत हे खरंच. पण मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. लायसन्स चालू होतं, दिवसा पाट्या बिनचूक वाचत, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

लायसन्सच्या अर्जातला प्रश्न असा आहे : दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का? दवाखान्यातला अक्षरांचा तक्ताही त्याच जातीचा. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये आणला. पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं. रात्रीच्या रस्त्यावर असं ठळक काही नसतं. ऊस हंगामात निपाणी, चिकोडी, अथणीकडे जाऊन बघा. पाल्यानं झाकलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. काळ्यावर करडं. हा पुसट फरक टिपणं ही नजरेची वेगळी ताकद आहे आणि ६/६ नजर असूनही ती कमी असू शकते.

आता हिशोब मांडू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला कारलाही आणखी २० मीटर लागतात, भरलेल्या टेम्पोला त्याहून जास्त. डिपरचा उजेड मात्र जेमतेम ४०-५० मीटर पोचतो. ट्रॉली उशिरा दिसली, तर सावरायला जागाच उरत नाही.

त्यात वय. अंधारात बाहुली मोठी होते, पण उतारवयात ती पूर्वीइतकी उघडत नाही आणि भिंगही पिवळसर होतं. विशीत दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर, जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. अंधारात काम करणाऱ्या दंडाकार पेशींना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. झगझगीत ढाब्यातून उठून लगेच स्टिअरिंग धरलं, तर पहिले काही किलोमीटर डोळे अर्धेच जागे असतात.

मोतीबिंदूचं काय होतं ते घाटातल्या माणसाला लगेच कळेल. पावसाळ्यात चोर्ल्याच्या धुक्यात अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून परत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. मोतीबिंदूत हेच धुकं डोळ्याच्या आत असतं. समोरून आलेला प्रकाश गढूळ भिंगात विखुरतो आणि नजरेपुढे तशीच पांढरी भिंत उभी करतो. ताशी ४० च्या वेगानं पाच सेकंद असे गेले, तर गाडी ५५ मीटर न बघता पुढे गेलेली असते.

काचबिंदू कडेची नजर खातो, तीही बहुतेकदा न दुखता. मधुमेहात दृष्टिपटल बिघडू शकतं. दोन्हीसाठी डोळ्यांचा पडदा आणि नस तपासावी लागते, नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. आणि रस्त्याकडेला मिळणारे 'रात्रीचे' पिवळे चष्मे कृपा करून घेऊ नका. आधीच कमी असलेला प्रकाश ते आणखी कापतात.

डॉक्टरांकडे गेलात की "मी रात्री गाडी चालवतो, समोरच्या लाइटनं त्रास होतो" एवढं आवर्जून सांगा. तपासणीची दिशाच बदलते. घरीही एकेक डोळा झाकून लांबचा दिवा बघा. मामांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बरा होता. दोन्ही डोळे उघडे असताना तो डाव्याचं दुखणं झाकत राहिला.