शिधा कोणाच्या हाती द्यायचा? निर्वासित छावण्यांतील मदतीची पार्श्वभूमी

लाखभर माणसे सीमा ओलांडून आली की पहिल्याच आठवड्यात मदत संस्थांच्या बैठकीत ठरावीक आकडे मांडले जातात. माणशी रोज १५ लिटर पाणी आणि २,१०० किलोकॅलरी अन्न, डोक्यावर साडेतीन चौरस मीटर छप्पर, २० जणांमागे एक शौचालय, २५० जणांमागे एक नळ. यातला एकही आकडा आंतरराष्ट्रीय कायद्यातून आलेला नाही. निर्वासित कोणाला म्हणायचे आणि त्याला परत संकटात ढकलायचे नाही, हे १९५१च्या कराराने ठरवले. सुरुवातीला तो १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांपुरताच होता, ती अट १९६७च्या पूरक कराराने गेली. पण आलेल्या माणसाला प्यायला किती पाणी मिळाले पाहिजे, याबद्दल हा करार काही सांगत नाही. आकड्यांची ही भाषा रुळली ती मुख्यतः १९९४नंतर, आणि त्यामागे झाईरमधल्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या) गोमा शहराजवळच्या रवांडन निर्वासितांच्या छावण्यांचा अनुभव आहे.

त्याआधीच्या दोन अनुभवांचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे, कारण गोमात दोन्हींचा विसर पडला होता.

पहिला १९७१चा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या, सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तिथल्या डॉक्टरांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. जलसंजीवनी प्रयोगशाळेबाहेर, चिखलात आणि गर्दीतही चालते, हे तिथे सिद्ध झाले.

दुसरा थायलंड-कंबोडिया सीमेवरचा, १९७९ पासूनचा. छावण्यांत सशस्त्र गट होते आणि तांदूळ त्यांच्या हाती जात होता. तेव्हा काही ठिकाणी शिधा थेट स्त्रियांच्याच हाती द्यायची पद्धत सुरू झाली. गळती त्याने पूर्ण थांबली नाही. तरी वाटपाची रांग कशी लावायची, हा सत्तेचा प्रश्न आहे, एवढे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

आता गोमा. रवांडातील नरसंहार एप्रिल ते जुलै १९९४ या काळात झाला. तो घडवणारे सरकार हरले आणि जुलैच्या मध्यावर चार-पाच दिवसांत आठ ते दहा लाख माणसे सीमा ओलांडून झाईरमधल्या गोमा शहरात आणि त्याच्या उत्तरेला पोहोचली. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. कुदळीने तिथे ना शौचालयाचा खड्डा खणता येत होता, ना कबर. किवू सरोवर गोमा शहराला लागूनच आहे, पण किबुंबासारख्या उत्तरेकडच्या छावण्यांना पाण्याचा स्रोतच नव्हता. सगळे पाणी टँकरने न्यायचे होते आणि टँकर पुरेसे नव्हते. पहिल्या आठवड्यात माणशी रोज सरासरी २०० मिलिलिटर शुद्ध पाणी पोहोचले, म्हणजे एक पेला. लोक सरोवराचे पाणी तसेच पीत राहिले. २० जुलैच्या सुमारास कॉलऱ्याची साथ सुरू झाली, तिच्या मागोमाग रक्ती हगवण आली. महिनाभरात सुमारे ५० हजार माणसे गेली. दहा हजारांमागे दिवसाला एकाहून अधिक मृत्यू झाला की आणीबाणी मानतात, गोमात हे प्रमाण २० ते ३५ होते.

पाणी नव्हते म्हणून माणसे आजारी पडली, पण उपचार केंद्रापर्यंत पोहोचलेली माणसे का मेली, हा वेगळा प्रश्न आहे. बांगलादेशातून आलेल्या एका वैद्यकीय पथकाने तिथली केंद्रे पाहून त्याची कारणे पुढे नोंदवली: सलाईन फार सावकाश जात होते, काही ठिकाणी चुकीच्या द्रावणाचे होते, तोंडावाटे जलसंजीवनी पुरेशी दिली जात नव्हती आणि कॉलरा पूर्वी हाताळलेले कर्मचारी कमी होते. तीव्र निर्जलीकरण झालेल्या ५० किलो वजनाच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर द्रव शिरेतून गेला पाहिजे. सुई लावून बाटली थेंबथेंब सोडली, तर जुलाबावाटे जाणारे पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त राहते आणि डोळ्यांदेखत नाडी बुडते. रोगाचे जंतू नेहमीच्या काही प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. पण कॉलऱ्यात जीव वाचतो तो भरपाईच्या पाण्याने, त्यामुळे औषध लागू पडत नव्हते हे एवढ्या मृत्यूंचे कारण होऊ शकत नाही.

ऑगस्टपर्यंत पाण्याची व्यवस्था लागली आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्यानंतर जो निर्णय झाला, त्यावर आजही एकमत नाही.

छावण्यांत सामान्य माणसांबरोबर पराभूत सरकारचे अधिकारी, सैनिक आणि नरसंहारात पुढे असलेल्या टोळ्याही आल्या होत्या. गावोगावचे प्रशासकीय प्रमुख आपापल्या गावकऱ्यांना घेऊनच निघाले होते आणि छावणीतही लोक गावाप्रमाणेच बसले. मदत संस्थांनी वाटप याच प्रमुखांमार्फत सुरू केले. यादी त्यांची, माणसांचा आकडा त्यांचा, पोती उतरवायची तीही त्यांच्याच पुढ्यात.

असे का केले, हे समजून घ्यायचे तर हिशेब पाहावा लागतो. माणशी ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५० ग्रॅम मका-सोयाचे पीठ असा शिधा धरला, तर आठ लाख माणसांना रोज चारशे टनांहून अधिक माल लागतो. तो कुटुंबागणिक वाटायचा तर प्रत्येक कुटुंबाला कार्ड हवे, आणि कार्डासाठी शिरगणती. शिरगणतीचीही एक रीत आहे. आधी सगळ्या छावणीत एकाच दिवशी, शक्यतो पहाटे, प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधायची किंवा टोकन द्यायचे, म्हणजे तोच माणूस दोन ठिकाणी मोजला जात नाही. मग कुंपण घातलेल्या जागेत एका दाराने आत घ्यायचे, बोटाला न पुसणारी शाई लावायची, कुटुंबाची नोंद करून कार्ड द्यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर सोडायचे. शेकडो कर्मचारी, बंदोबस्त आणि छावणीतल्या म्होरक्यांची किमान मूक संमती, यांवाचून हे होत नाही. ज्यांचा फुगवलेला आकडा उघडा पडणार होता, त्यांच्याच संमतीवर गणती अवलंबून होती. म्हणून ती महिनोन्महिने लांबली.

मधल्या काळात काय झाले ते पोषण पाहणीत दिसले. गोदामातून निघणारा माल कागदावर पुरेसा होता, तरी पाच वर्षांखालील १८ ते २३ टक्के मुले तीव्र कुपोषित आढळली आणि ज्या घरात कर्ती स्त्री होती तिथे धोका अधिक होता. शिधा छावणीत पोहोचत होता, सर्वांत अशक्त झोपडीत पोहोचत नव्हता. फुगवलेल्या आकड्यांवर मिळालेला जास्तीचा माल बाजारात विकला जात होता आणि तो पैसा पुन्हा शस्त्रे बाळगणाऱ्यांकडे जात होता.

नोव्हेंबर १९९४मध्ये अनेक संस्थांनी मिळून जाहीर केले, की परिस्थिती बदलली नाही तर आम्ही इथे काम करत राहू शकत नाही. मोजक्या संस्थांनी खरोखर काम गुंडाळले, बहुतेक राहिल्या. गेलेल्यांचे म्हणणे असे, की आपल्या धान्यावर मारेकऱ्यांची फौज पोसली जात असेल तर तटस्थतेला अर्थ उरत नाही. राहिलेल्यांचे म्हणणे असे, की छावणीतली बहुसंख्य माणसे बायका-मुले आहेत आणि नळ बंद केला तर आधी तीच मरतील, बंदूकवाला शेवटी. आपण निघालो तरी आपली जागा दुसरी संस्था घेणार, हेही सगळ्यांना ठाऊक होते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. पण तीस वर्षांच्या चर्चेत मदत संस्थांवर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी सरकारांवर झाली नाही, हे अन्यायाचे आहे. सशस्त्र माणसांना निर्वासितांपासून वेगळे करणे हे सैन्याचे आणि पोलिसांचे काम होते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय दलाची मागणी झाली आणि देशांनी सैनिक दिले नाहीत. अखेर १९९५च्या सुरुवातीपासून झाईरचेच सुमारे १,५०० सैनिक पगार देऊन छावण्यांत नेमले गेले. चोऱ्या-खून कमी झाले, निःशस्त्रीकरण झाले नाही. १९९६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात छावण्यांवर हल्ले झाले, लाखो माणसे पायी रवांडात परतली आणि उरलेली झाईरच्या जंगलात पांगली. त्यांतली असंख्य माणसे तिथेच मेली किंवा मारली गेली.

१९९६मध्ये अनेक देशांनी मिळून केलेले मोठे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. मदतीच्या कामाला किमान निकष हवेत, हा आग्रह त्यानंतर बळावला आणि १९९७ पासून मदत संस्थांनीच ते तयार करायला घेतले. २०००मध्ये त्यांची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, पुढे २००४, २०११ आणि २०१८मध्ये सुधारणा झाल्या. पाणी, शौचालये, शिधा, गोवराची लस (सहा महिने ते पंधरा वर्षे, ९५ टक्के मुले) यांचे निकष त्यांत आहेत आणि त्यांनी जीव वाचवले आहेत.

आकडे वापरताना मात्र गफलती होतात. माणशी १५ लिटर ही किमान सरासरी आहे, पण अंदाजपत्रकात ती कमाल मर्यादा होऊन बसते. नळाचे गणित तर अनेकदा अर्धेच वाचले जाते. २५० माणसांना १५ लिटरप्रमाणे ३,७५० लिटर लागतात, मिनिटाला साडेसात लिटर धार असेल तर ते भरायला ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ जातो. टाकी चारच तास भरलेली राहत असेल, तर नळकोंडाळी निकषाप्रमाणे मोजून बसवलेली असूनही निम्मी छावणी कोरडी राहते. शौचालयांचेही तसेच. आकडा पुरा असतो, पण दिवा नसतो, आतून कडी नसते, आणि अंधार पडल्यावर बायका तिकडे फिरकत नाहीत.

शिधा कोणाच्या हाती द्यायचा, या प्रश्नाला निकषांनी वाट करून दिली, उत्तर दिले नाही. कार्ड घरातल्या स्त्रीच्या नावे करणे, शिध्याचे प्रमाण वाटपाच्या जागी फलकावर लिहिणे, वाटपानंतर घरोघर जाऊन किती मिळाले ते विचारणे, तक्रारीची खिडकी वाटप करणाऱ्यांपासून वेगळी ठेवणे, या रीती हळूहळू रूढ झाल्या. देशांतर्गत विस्थापितांसाठी १९९८मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. २००५ पासून पाणी, निवारा, पोषण अशा प्रत्येक क्षेत्राला एक जबाबदार संस्था नेमण्याची पद्धत सुरू झाली. गेल्या दीड दशकात पोत्यांऐवजी रोख रक्कम देणे वाढले. बाजार चालू असेल तिथे ते स्वस्त पडते आणि कुटुंबाला काय घ्यायचे ते ठरवता येते. बाजारात मालच नसेल तर त्याच रकमेने भाव चढतात.

बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन घेऊन होणाऱ्या नोंदणीने दुहेरी नावे आणि फुगवलेल्या याद्या बऱ्याच कमी केल्या. पण यादी आता म्होरक्याच्या वहीतून संगणकात गेली आहे आणि तिचा धोकाही बदलला आहे. २०१७मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. त्यांच्या नोंदणीतली माहिती पुढे ज्या देशातून ते पळाले त्याच देशाच्या सरकारला मिळाली, तीही त्यांच्या पुरेशा संमतीविना, असा आक्षेप २०२१मध्ये घेतला गेला. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने तो नाकारला. ज्यांच्या बोटांचे ठसे घेतले, त्यांना आपण कशाला होकार दिला हे नीट कळले होते का, हा वाद मिटलेला नाही.

२०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे सक्तीने विस्थापित होती, त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात. निधी त्या प्रमाणात वाढलेला नाही. याच रोहिंग्या छावण्यांत २०२३मध्ये माणशी महिन्याचा शिधा १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणावा लागला, पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढवला गेला. ८ डॉलरमध्ये २,१०० किलोकॅलरी बसत नाहीत. पैसा अपुरा पडला की दोनच मार्ग उरतात: सगळ्यांचा शिधा सारखा कापायचा, किंवा कुटुंबांची प्रतवारी लावून काहींचा पूर्ण ठेवायचा आणि काहींचा बंद करायचा. दुसऱ्या मार्गाला पुन्हा यादी लागते, आणि यादीतून वगळलेल्याने दाद कोणाकडे मागायची हे ती लागू करण्याआधी ठरलेले असावे लागते.