डाल्मेशियनचे ठिपके आणि मुतखडा

डाल्मेशियन कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं. साधारण दहा-बारा दिवसांनी ठिपके उमटायला लागतात. एखाद्याच्या कानावर किंवा डोळ्याभोवती जन्मापासूनच काळा डाग असेल, तर तो ठिपका नव्हे, त्याला ‘पॅच’ म्हणतात. प्रदर्शनाच्या नियमांत पॅच हा दोष. हा पॅच लक्षात असू द्या.

नाव पडलं ते क्रोएशियाच्या ॲड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशिया प्रांतावरून. तिथल्या वेली लोशिन गावातल्या चर्चमध्ये सतराव्या शतकातल्या एका चित्रात असा ठिपक्यांचा कुत्रा दिसतो. पण त्याला खरा रोजगार मिळाला इंग्लंडमध्ये. श्रीमंतांच्या बग्ग्यांबरोबर, घोड्यांच्या टापांना लागून, कधी थेट आसाखालून हा कुत्रा मैलोन्‌मैल पळायचा. रस्त्यावर भटके कुत्रे अंगावर आले तर त्यांना हुसकायचा, रात्री तबेल्यात घोड्यांची आणि सामानाची राखण करायचा. १७९० मध्ये इंग्रज चित्रकार टॉमस ब्यूइकने प्राण्यांवरच्या पुस्तकात त्याची नोंद ‘डाल्मेशियन किंवा कोच डॉग’, म्हणजे बग्गीचा कुत्रा, अशी केली. पुढे न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातही तो घोड्यांमुळेच शिरला. १९२२ मध्ये तिथले घोडे गेले, कुत्रा मात्र दलाचं चिन्ह होऊन राहिला.

म्हणून सोसायटीला दोन फेऱ्या मारून याचं भागत नाही. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडला तर तो सोफ्याची उशी फाडणार, आणि त्यात चूक त्याची नाही. १९६१ चा डिस्नेचा ‘१०१ डाल्मेशियन्स’ हा कार्टूनपट आणि १९९६ चा त्याचाच नवा अवतार पाहून अमेरिकेत घरोघरी पिल्लं आली, आणि त्यातली कितीतरी पुढे प्राण्यांच्या आश्रयगृहांत पोचली. आपल्याकडे मोबाइलच्या जाहिरातीनंतर पगचं काय झालं ते आठवत असेलच. पडद्यावरचा डाल्मेशियन केस गाळत नाही. घरातला बारा महिने गाळतो, आणि ते आखूड, ताठ पांढरे केस काळ्या पँटीत असे रुततात की ब्रशनेही निघत नाहीत.

या जातीची खरी गोष्ट मात्र लघवीत आहे. इतर बहुतेक कुत्र्यांचं यकृत यूरिक ॲसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करतं. डाल्मेशियनच्या यकृतातही ते काम करणारं एन्झाइम असतं, पण यूरिक ॲसिड पेशीच्या आत पोचवणारा हमालच गैरहजर. ते लघवीवाटे बाहेर पडतं आणि त्याचे खडे होऊ शकतात. नराची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे खडा अडकतो तो बहुधा नरालाच. वारंवार पाय वर करूनही थेंबच पडत असतील तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ठसठशीत ठिपक्यांची निवड करताना हा जनुकीय दोष सगळ्या जातीत पसरला असावा, असं मानलं जातं.

अमेरिकेत डॉ. रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी फक्त एकदा संकर केला आणि त्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जोड्या लावल्या. हेतू एकच, निरोगी जनुक परत आणणं. १९८१ मध्ये त्यातल्या दोन कुत्र्यांची जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबमध्ये नोंदणीही झाली. शुद्ध रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी विरोध केला आणि दार बंद झालं. नेमका जनुक २००८ मध्ये सापडला. ब्रिटनमध्ये २०१० साली आणि अमेरिकेत २०११ साली या वंशाला अखेर मान्यता मिळाली. दिसायला अस्सल डाल्मेशियनच असलेल्या कुत्र्यांना तीस वर्षं ताटकळत ठेवलं. मला तरी हा हट्टच वाटतो.

तो वंश हाती लागेपर्यंत उपाय स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे मटण आणलं की कलेजीचा तुकडा कुत्र्याला जातो. याला कलेजी नको, गुर्दा नको, तारलीही नको. अंडं चालतं. पाण्याचं भांडं कायम भरलेलं हवं आणि लघवीला दिवसातून चार-पाच वेळा बाहेर न्यायला हवं.

आता तो पॅच. या जातीत बहिरेपण बरंच आहे. अमेरिकेतल्या तपासण्यांत दोन्ही कानांनी बहिरे सुमारे ८ टक्के आणि एकाच कानाने बहिरे सुमारे २२ टक्के आढळले. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या नसतील तर कान काम करत नाही. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत बहिरेपण जास्त आणि पॅचवाल्यांत कमी आढळतं. म्हणजे प्रदर्शनात बाद होणारं पिल्लू घरासाठी उलट बरं. टाळी वाजवून मात्र परीक्षा होत नाही. बहिरं पिल्लू भावंडं वळली की आपणही वळतं, आणि एका कानाने ऐकणारं तर कधीच पकडलं जात नाही. डोक्याला बारीक तारा लावून प्रत्येक कान वेगळा तपासतात, तो ‘बीएईआर’ चाचणीचा अहवाल पिल्लू विकणाऱ्याकडे मागावा.