रेड अलर्ट कोकण-गोव्याला, पाणी मात्र आपल्या नद्यांना

जून लागला की मोबाईलवर हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे मेसेज सुरू. कोकण-गोव्याला ऑरेंज, कारवारला रेड, समुद्रात वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत, मच्छीमारांनी जाऊ नये, बंदरावर तीन नंबरचा बावटा. आणि आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची मंडळी ते बघून सोडून देतात, कारण आमच्याकडं कुठं समुद्र आहे. मला मनापासून वाटतं की हा मेसेज आपणही तितक्याच लक्षानं वाचायला पाहिजे, कारण मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा या सगळ्यांना पाणी त्याच ढगांतून येतं.

पणजी ते बेळगाव सरळ रेषेत शंभर किलोमीटर पण नाही. अरबी समुद्रावरनं वारा ओल घेऊन येतो, समोर सह्याद्री उभा, मग हवा वर चढायला लागते आणि चढता चढता थंड होते, ढगात शिरल्यावर किलोमीटरमागं साधारण सहा डिग्री, तशी वाफेचं पाणी होऊन ते घाटमाथ्यावरच कोसळतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बेळगाव शहरात बाराशे-तेराशे, आणि पुढं अथणीत गेलात की पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात घाटमाथ्यावरचं कणकुंबी पण आहे आणि अथणी पण, आणि जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग मात्र दोघांना मिळून एकच! हवामान खात्याच्या विभागवारीत तर बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये येतं, विजापूर-बागलकोटच्या जोडीला. म्हणून खानापूरच्या पश्चिम भागात राहणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या जोडीनं कोकण-गोवा आणि किनारी कर्नाटकचा अंदाज बघावा, निपाणी-चिकोडीवाल्यांनी कोल्हापूरच्या घाटाचा. बुलेटिनमध्ये ‘गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा’ असं वाक्य दिसलं तर घाटात पावसाचा जोर वाढायची शक्यता आहे असं धरून चाला.

आता रंगांचं. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती हे तर बघतातच, शिवाय त्यानं नुकसान किती होईल, शक्यता किती आहे हेही बघतात. पावसाच्या पायऱ्या वेगळ्या: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. हे आकडे कागदावर छोटे वाटतात, पण एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दोनशे मिलिमीटर पाऊस शंभर चौरस किलोमीटर डोंगरावर पडला तर झालं दोन कोटी घनमीटर, म्हणजे 0.7 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). जमीन आधीच भिजून चिंब असली तर त्यातलं बरंचसं सरळ ओढ्याला लागतं.

पण हे पाणी सगळीकडं एकाच वेळी पोचत नाही, आणि माझ्या मते खरी कामाची गोष्ट हीच आहे. कणकुंबी-जांबोटीत रात्रभर पाऊस लागला की मलप्रभेकाठचं हब्बनहट्टीचं मारुती मंदिर पाण्यात जातं, खानापूरकरांना त्यावरनं मलप्रभेचा अंदाज येतो, तिथं हाताशी वेळ फक्त काही तासांचा. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं तर त्याहून लवकर, शहरात दणकून पाऊस झाला की शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातलं भात पाण्याखाली. कृष्णेचं गणित मात्र वेगळं. 2021 च्या जुलैत 22 ते 23 तारखेच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण तेव्हाच बुडालं, पण घाटाच्या अलीकडं पडलेलं पाणी कोयना-वारणा-पंचगंगेतनं कृष्णेला येऊन चिकोडी-अथणीच्या काठाला लागायला मध्ये वेळ जातो. ते एक-दोन दिवस फुकट घालवायचे नसतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, आपल्याकडं ऊन पडलं असलं तरी ते आकडे बघत राहा. धरणाच्या विसर्गाचं पण तसंच, एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर सोडलं की 8.64 टीएमसी खाली येतं, इथं एक थेंब न पडता.

वाऱ्याबद्दल थोडं. चक्रीवादळ जमिनीवर आलं की त्याला समुद्राची गरम ओल मिळायची बंद होते नि ते मंदावतं, त्यामुळं किनाऱ्यावरचा वेग जसाच्या तसा बेळगावला येत नाही. पण वादळ दूर समुद्रात असलं तरी ओल आत ढकलतं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं, जमिनीवर चढलं ते पार गुजरातमध्ये, आणि पाऊस घाटापर्यंत सगळीकडं झाला. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, 30 चा 60 झाला तर दाब चौपट. पत्र्याच्या शेडवरनं वारा सुसाट जाताना वरचा दाब कमी होतो आणि उघड्या बाजूनं आत शिरलेली हवा खालनं रेटते, म्हणून पत्रा आधी कडेला उचलतो, आणि एकदा कडा सुटली की पुढचे हूक पटापट निघतात. पत्र्यावर दगड ठेवायची सवय आपल्याकडं फार, कृपा करून ठेवू नका, पत्रा उडाला की ते दगड कुणाच्या तरी डोक्यात जातात. कडेच्या रांगेतले गंजलेले हूक आणि वायसर मे महिन्यातच बदलून घ्या.

आणि बंधाऱ्यावरचे पूल. मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर हे पावसाळ्यात पाण्याखाली जातातच, तरी कुणीतरी बाईक घालतं, ‘गुडघाभरच आहे’ म्हणून. छोटी कार असली तर तळाच्या वर फूटभर पाणी चढल्यावर हजार-दीड हजार किलोचा उचल लागतो, गाडीचं वजन साधारण तेवढंच, मग टायरची पकड राहतच नाही आणि प्रवाह बाजूला ओढून नेतो. बाईकला तर त्याहून कमी पुरतं. वरनं रस्ता दिसत असला तरी खालचा भराव वाहून गेलाय का ते गढूळ पाण्यात कळत नाही.

कृष्णा-दूधगंगेच्या काठच्या शेतकऱ्यांना यातलं बरंच अंगवळणी पडलंय, ते पाणी चढायच्या आधी नदीतल्या मोटारी काढून वर आणतात. त्यात आता एवढंच जोडा की घाटाला रेड लागला त्याच संध्याकाळी मोटार काढा, पाणी काठाला लागायची वाट बघू नका, अंधारात निसरड्या काठावर मोटारीची वीज चालू ठेवून ती ओढणं जिवावर बेततं. जनावरं आणि वैरण पण त्याच दिवशी उंचावर. फोनवर आलेला इशारा कन्नड किंवा इंग्लिशमध्ये असेल आणि घरातल्या आजी-आजोबांना समजत नसेल तर मोठ्यानं वाचून सांगा, कारण पाणी चढताना गोठ्याकडं जाणारी पहिली माणसं तीच असतात.