नोकरी देताना वजन आडवे कुठून आले?

पात्रता आहे, अनुभव आहे, काम करण्याची तयारी आहे. तरीही समोरचा माणूस जाड आहे एवढ्यावरून मुलाखत घेणाऱ्याचे मत फिरते. वंश, लिंग किंवा धर्म पाहून नोकरी नाकारली तर जगातल्या बऱ्याच देशांत दाद मागता येते. वजन पाहून नाकारली तर बहुतेक ठिकाणी कायद्यात तसा शब्दच सापडत नाही. हे असे का झाले, याचा माग काढत गेले की विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचावे लागते. वजनाचा जो आकडा पुढे भरतीत वापरला गेला, तो कोणत्याही कामाच्या गरजेतून निघालेला नव्हता. माझ्या मते सगळ्या घोळाचे मूळ तिथे आहे.

किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांच्या अभ्यासातून १८३० च्या दशकात पुढे आले. केटले खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, म्हणून ते मोठ्या समूहांची मोजमापे घेत होते. एखाद्या व्यक्तीची तब्येत जोखणे हा त्यांचा हेतूच नव्हता. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी १९७२ मध्ये याच सूत्राला आजचे बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) हे नाव दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी.

मधल्या काळात विमा कंपन्यांनी आपली वेगळी कोष्टके केली होती. विमेदार किती वर्षे जगेल यावर हप्ता ठरतो, तेव्हा त्यांना वजनात रस असणे साहजिक होते. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी कंपनीने १९४२-४३ मध्ये बायका आणि पुरुषांसाठी ‘आदर्श वजना’ची कोष्टके काढली. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा असे बांध्याचे तीन प्रकार होते. पण कोणाचा बांधा कोणता, हे मोजायचे कसे, हे सांगितलेले नव्हते. आकडेवारीही विमा उतरवलेल्या लोकांची, म्हणजे समाजाच्या एका थराची होती. तरीही ही कोष्टके दवाखान्यांत गेली, आणि पुढे मालकांच्या हातातही आली.

नोकरीत वजनाची अट सर्वांत उघडपणे लावली ती विमान कंपन्यांनी. १९३० मध्ये बोइंग एअर ट्रान्सपोर्टने आठ परिचारिकांना विमानात प्रवाशांच्या सेवेसाठी घेतले. वय जास्तीत जास्त २५, लग्न झालेले नसावे आणि वजन ११५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५२ किलोंच्या आत असावे, अशा अटी होत्या. तेव्हाची विमाने लहान आणि बुटकी होती, त्यामुळे या अटीमागे काहीएक कारण तरी होते. पुढे शेकडो प्रवासी नेणारी जेट विमाने आली, कारण संपले, पण अट राहिली. रुजू झाल्यावरही हवाई सुंदरींना ठरावीक काळाने काट्यावर उभे केले जाई. आकडा वर गेला की आधी ताकीद, मग बिनपगारी घरी आणि शेवटी बडतर्फी. नोकरी मिळताना लावलेली अट असे वर्षानुवर्षे मानेवर बसून राहणे म्हणजे काय, याची कल्पना केली तरी अस्वस्थ व्हायला होते.

१९६४ च्या अमेरिकी नागरी हक्क कायद्याने नोकरीत लिंगभेदाला बंदी घातली आणि या स्त्रियांना न्यायालयात जायची वाट मिळाली. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सविरुद्धच्या खटल्यात १९७३ मध्ये एक गोष्ट स्पष्ट झाली: विमानात तेच काम करणाऱ्या पुरुष पर्सरना, म्हणजे सेवकवर्गाच्या प्रमुखांना, वजनाची मर्यादा नव्हती, बायकांना होती. युनायटेड एअरलाइन्सच्या खटल्यात तर विम्याच्या कोष्टकांचाच प्रश्न आला. कंपनीने पुरुषांची मर्यादा मोठ्या बांध्याच्या रकान्यावरून आणि बायकांची मध्यम बांध्याच्या रकान्यावरून ठरवली होती. २००० साली अपील न्यायालयाने हा उघड भेदभाव ठरवला. हे निकाल महत्त्वाचे आहेतच. पण ते बाई-पुरुष भेदाबद्दलचे आहेत. दोघांनाही सारखीच कडक अट लावली असती, तर या युक्तिवादाला जागा उरली नसती.

नॉर्थवेस्टच्या खटल्यानंतर काही वर्षांतच उलट बाजूचा एक खटला गाजला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात तुरुंगाच्या पहारेकऱ्याला किमान ५ फूट २ इंच उंची आणि किमान १२० पौंड वजन लागे. वजन कमी म्हणून नाकारलेल्या एका तरुणीने दावा लावला. या दोन अटींमुळे सुमारे ४१ टक्के बायका बाद होत होत्या आणि पुरुष एक टक्काही नाही. या कामाला ताकद लागते, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जे म्हटले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत स्वच्छ विधान वाटते: ताकद हवी असेल तर थेट ताकदीची चाचणी घ्या. जाड उमेदवारांच्या बाबतीत हाच प्रश्न इतक्या सरळपणे क्वचितच विचारला गेला.

एक अपवाद मिशिगनचा. त्या अमेरिकी राज्याने १९७६ मध्ये एलियट-लार्सन नागरी हक्क कायद्यात उंची आणि वजन हे शब्द वंश आणि लिंगाच्या पंक्तीत थेट घातले. त्यानंतर सांताक्रूझने १९९२ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००० मध्ये शहरापुरते नियम केले. बाकीच्या ठिकाणी वकिलांना एकच आडवाट उरली, ती अपंगत्वाच्या कायद्याची.

त्या वाटेने गेल्यावर काय होते, हे ऱ्होड आयलंड या अमेरिकी राज्यातल्या एका प्रकरणात जवळून दिसते. मतिमंदांसाठीच्या सरकारी संस्थेत परिचारक म्हणून दोनदा नोकरी केलेल्या एका बाईंनी १९८८ मध्ये पुन्हा त्याच जागेसाठी अर्ज केला. त्यांच्या आधीच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. उंची ५ फूट २ इंच, वजन ३२० पौंडांहून जास्त. संस्थेच्या परिचारिकेने तपासणी केली. काम करण्यात अडचण येईल असे काही तिला आढळले नाही. तरी नोकरी नाकारली. कारणे दोन दिली: आणीबाणीत रुग्णांना बाहेर काढता येणार नाही, आणि पुढे आजारपणाच्या रजा व भरपाईचे दावे वाढतील. ज्युरीने त्यांना एक लाख डॉलर मंजूर केले आणि १९९३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. पण जिंकण्यासाठी त्यांना ‘मी हे काम करू शकते’ एवढे सिद्ध करून भागले नाही. मालकाने आपल्याला अपंग मानले, हेही दाखवावे लागले.

पुढे ही वाट अरुंद होत गेली. एका रेल्वे कंपनीने यंत्र कारागिराच्या जागेसाठी निवडलेल्या उमेदवाराचा बीएमआय ४० च्या वर भरला म्हणून देऊ केलेली नोकरी काढून घेतली. २०१६ मध्ये संघराज्य अपील न्यायालय म्हणाले की शरीरातल्या एखाद्या विकारामुळे आलेला नसेल तर लठ्ठपणा अपंगत्वात मोडत नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकरणात २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कायद्याचा अर्थ नेमका उलट लावला. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये, डेन्मार्कच्या एका बालसंगोपकाच्या प्रकरणात, मधला पवित्रा घेतला: लठ्ठपणावरून भेदभाव करू नये असे सर्वसाधारण तत्त्व युरोपीय संघाच्या कायद्यात नाही, पण त्यामुळे कामात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर तो अपंगत्व ठरू शकतो. याचा अर्थ, जाड असूनही धडधाकट काम करणाऱ्या माणसाला संरक्षण सर्वांत कमी. मला हे अन्यायाचे वाटते.

भेदभाव खरोखर वजनामुळेच होतो का, ही शंका संशोधकांनी तपासून पाहिली आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच नटांना एकदा नेहमीच्या रूपात आणि एकदा कृत्रिम भरावाने जाड करून मुलाखत देताना चित्रित केले. बोलणे तेच असूनही जाड रूपातल्या उमेदवाराला नोकरी द्यावी असे म्हणणारे कमी निघाले, आणि स्त्री उमेदवारांच्या बाबतीत फरक जास्त होता. स्वीडनमध्ये डॅन-ओलोफ रूथ यांनी खऱ्या जाहिरातींना अर्ज पाठवले. अर्जातल्या फोटोत चेहरा संगणकावर जाड केलेला असला की मुलाखतीची बोलावणी पुरुषांसाठी ६ आणि स्त्रियांसाठी ८ टक्के अंकांनी घटली. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष अर्जदाराला मात्र अशी तुलना करता येत नाही. त्याला नकार कळतो, कारण कळत नाही. म्हणून भरतीतले खटले बडतर्फीच्या मानाने फारच अवघड जातात.

न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२३ पासून उंची आणि वजनावरून नोकरी, घर आणि सार्वजनिक सेवा नाकारायला बंदी घातली आहे. कामाची मूळ गरज त्या वजनामुळे पूर्ण होऊच शकत नसेल आणि दुसरा मार्गही नसेल, अशा कामांना सूट मिळू शकते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात संरक्षित बाबी नऊ आहेत. वजन त्यांत अजून नाही.