बेस पडला की हेडलाइट का मिचमिचतात: कार ऑडिओच्या करंटची जुनी गोष्ट

गाडीत बारा इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवला, मोठा अँप म्हणजे ॲम्प्लिफायर बसवला, रात्री गाणं लावलं आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचायला लागले, हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल. मग कोणी सांगतं बॅटरी मोठी टाक, कोणी सांगतं कॅपॅसिटर टाक, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्यात देणारा डबा. मी पण टाकला होता, निळा डिजिटल आकडा दाखवणारा, आकडा मस्त दिसायचा आणि लाइट मिचमिचायचे ते मिचमिचायचेच. पण हा ताप आजचा नाही, गाडीत पहिल्यांदा रेडिओ घुसला तेव्हापासूनचा आहे. मूळ एकच, गाडीचं व्होल्टेज कमी, म्हणून पॉवर पाहिजे तर करंट भरमसाठ ओढावा लागतो.

१९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कंपनीने मोटोरोला नावाचा कार रेडिओ आणला. तेव्हाचे रेडिओ व्हॅक्यूम ट्यूबचे, त्यांना दोनेकशे व्होल्ट लागायचे आणि गाडीत असायचे फक्त ६. म्हणून सुरुवातीला गाडीच्या फ्लोअरखाली खोका करून त्यात वेगळ्या बॅटऱ्या ठेवायचे, त्या संपल्या की नव्या आणा. पुढे आला व्हायब्रेटर. हा म्हणजे एक छोटी पट्टी, सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून डीसी करंट चालू-बंद करायची, तो तुटक करंट ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन व्होल्टेज वाढवायचं आणि परत डीसी करायचं. जुने लोक सांगतात ना की रेडिओ चालू केला की आधी गुंग्गुं आवाज यायचा, तो याचाच. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९५०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. रेडिओसाठी नाही हां, मोठी इंजिनं स्टार्ट करायला. पण फायदा सगळ्यांनाच झाला, तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा आणि वायरमध्ये वाया जाणारी पॉवर पावपट. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, गाड्यांची कंपनी क्रायस्लर आणि रेडिओची कंपनी फिल्को यांनी फक्त ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ दाखवला, म्हणजे ट्यूब गेल्या आणि त्यांच्यासोबत व्हायब्रेटरही गेला. मग १९६० ला क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी ऑल्टरनेटर दिला, दोन्हींचं काम इंजिनवर फिरून वीज बनवायचं. डायनामो आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, जवळपास काहीच द्यायचा नाही, सिग्नलला थांबलात की सगळं बॅटरीवर. ऑल्टरनेटर आयडलला पण बऱ्यापैकी करंट देतो. आपल्याकडे मात्र कित्येक इलेक्ट्रिशियन आजही ऑल्टरनेटरला डायनामोच म्हणतात आणि रेग्युलेटरला कटआउट, नाव गेलं नाही.

आता खरी गंमत. १२ व्होल्टच्या गाडीत (इंजिन चालू असताना १४.४च्या आसपास) ४ ओहमचा स्पीकर थेट चालवला (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी ओहम तर जास्त करंट) तर हिशोबाने पंचवीसेक वॅटच्या वर जाताच येत नाही, प्रत्यक्षात १८-२० मिळतात. म्हणून डेकच्या खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं ते निव्वळ छापील. यापुढे जायचं तर व्होल्टेज वाढवायलाच हवं. १९७३च्या सुमारास ॲरिझोनात जिम फॉसगेटने गाडीसाठी वेगळा पॉवर अँप काढला, आणि पुढे अशा अँपच्या पोटात स्विचिंग पॉवर सप्लाय येणं नेहमीचं झालं. १२ व्होल्ट घ्यायचे, ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडायचे, ट्रान्सफॉर्मरमधून वाढवायचे. म्हणजे तोच व्हायब्रेटर, फक्त पट्टी नाही आणि गुणगुण ऐकू येत नाही.

पण व्होल्टेज आत वाढलं म्हणून बाहेरचा करंट कमी होत नाही, उलट वाढतो. १००० वॅटचा जुना क्लास एबी अँप, ज्यात बरीच पॉवर उष्णतेत वाया जाते, पूर्ण जोरात चालला तर बॅटरीकडून दीडशेच्या आसपास अँपियर मागतो, कमी वाया घालवणारा क्लास डी असेल तर नव्वदेक. साध्या छोट्या गाडीचा ऑल्टरनेटरच मुळी साधारण ६० ते ९० अँपियरचा, आणि त्यातून इंजिन, एसी, लाइट सगळं भागवायचं, म्हणून ठोका पडला की व्होल्टेज पडतं आणि लाइट मिचमिचतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा सुरू झाल्या तिथे तर अजून पुढची अक्कल लढवली. गट पाडायचे ४ ओहमवरच्या छापील वॅटवरून, मग कंपन्यांनी असे अँप काढले जे कागदावर २५ वॅटचे पण अर्ध्या ओहमवर शेकडो वॅट मारायचे. ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए हा अँप त्यातला गाजलेला. लोक त्यांना चीटर अँप म्हणायचे, आणि ते चालवायला डिकीभर बॅटऱ्या.

कॅपॅसिटरचं फॅड त्याच काळातलं. १ फॅरडचा कॅपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत साधारण ३२ ज्यूल देतो. १००० वॅटच्या क्लास डी अँपला हे सेकंदाच्या चाळीसाव्या भागापुरतं पुरतं, बस्स. माझे पैसे कुठे गेले कळलं ना.

खरा उपाय वायरिंगमधून निघाला, त्याला बिग थ्री म्हणतात: ऑल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी, या तिन्ही वायरी जाड करायच्या. पाच मीटर ८ गेज वायरीत (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) १०० अँपियरला एक व्होल्ट पडतो, ४ गेजला पॉइंट चार. कॉपर असं सांगून वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर गळ्यात मारतात, तिचा रेझिस्टन्स दीडेक पट. आणि फ्यूज बॅटरीजवळच, हे नाही केलं तर आग.

गणपतीतल्या डीजेच्या ट्रकशी याची तुलना करू नका, तिथे जनरेटर असतो, सरळ २३० व्होल्ट, अँप घरच्यासारखेच चालतात, हा प्रॉब्लेमच नाही.

नव्वदच्या शेवटी गाड्या ४२ व्होल्टवर न्यायची मोठी चर्चा झाली, खर्चामुळे ती बारगळली. ४८ व्होल्ट मात्र माइल्ड हायब्रिडमधून (इंजिनला छोट्या मोटरची मदत असलेल्या गाड्या) आलंच, २०१६च्या ऑडी एसक्यू७ मध्ये टर्बोला मदत करणारा कॉम्प्रेसर ४८ वर आहे. पण अँप बसतो तो अजून १२च्या लाइनवर. वरून नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाचवायला ऑल्टरनेटरचं व्होल्टेज मधूनमधून खाली आणतो, जाड वायर टाकूनही लाइट मिचमिचले तर आधी ते बघा. इलेक्ट्रिक गाडीत ऑल्टरनेटरच नाही, शेकडो व्होल्टच्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर १२ व्होल्ट काढून देतो, आणि तुमचा अँप कितीही मोठा असला तरी त्या कन्व्हर्टरची जेवढी ताकद तेवढाच करंट मिळणार, पुढचं सगळं परत त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या डोक्यावर.